हिरवा हात

शालनआत्तीने मशीनभोवती एक फेरी मारली, वाकून त्याच्या तोंडात पाहिलं आणि पदर खोचत निकाल दिला, "दिसायला गरीब हाय. पण दात हायेत न्हवं? मग एक ना एक दिस चावणारच."

"चावणार नाही आत्ती," संयोगिता म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर एवढी वर्षं घासलीत मी."

"कुट्टी इकणारा बी आसंच बोलला हुता."

संयोगिताची नजर आत्तीच्या हाताकडे गेली. आत्तीच्या उजव्या हाताची तीन बोटं गावाकडच्या गोठ्यातल्या, चारा बारीक करणाऱ्या कडबाकुट्टीने नेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं शाबूत. बाकीची तिन्ही पहिल्या पेरापाशीच संपलेली. तेव्हा आत्तीचं लग्न ठरलेलं होतं. बोटं गेली आणि मागोमाग लग्नही गेलं. आत्ती भावाच्या घरी राहिली आणि पुढे भावजय वारल्यावर तिची तान्ही लेक, म्हणजे ही संयोगिता, तिने त्याच हाताने वाढवली. त्या हाताने भाकरी थापली, वेण्या घातल्या, प्रसंगी धपाटेही घातले. संयोगिताला तर कितीतरी दिवस वाटायचं, आत्त्यांचे हात असेच असतात. शाळेत एका मैत्रिणीच्या आत्याचा अख्खा, पाच बोटांचा हात पाहून ती दचकली होती.

अशी पोर मोठी होऊन न चावणारं मशीन करायला निघाली, यात नवल ते काय?

कोल्हापुरात तेव्हा पालापाचोळा जाळायला बंदी येऊन बरेच दिवस झाले होते. हवेचा वास घेणारे डोळस खांब चौकाचौकांत उभे होते. कुणी गुपचूप काडी लावलीच, तर त्याच्या मोबाइलवर दंडाचा निरोप धूर विरायच्या आत यायचा. घंटागाडी फक्त स्वयंपाकघरातला कचरा न्यायची. बागेतला कचरा ज्याचा त्याने दारातच जिरवायचा, असा नियम. त्यामुळे बंगलेवाल्यांनी फांद्या-पाला बारीक करणारी यंत्रं घेतली आणि वर्षभरात ती अडगळीत टाकली.

का टाकली, हे शोधायला संयोगिता घरोघर हिंडली होती. पुरुषांना विचारलं की ते मोटरची ताकद सांगत. मशीन चालवत मात्र त्यांच्या बायका, आया, नाहीतर कामाला येणाऱ्या मावश्या. त्यांची रड वेगळी होती. तोंड छातीएवढ्या उंचीवर, त्यामुळे खांदे भरून येतात. आवाज असा, की दुपारी लावलं तर शेजारचे निवृत्त गुरुजी कंपाउंडवरून बघत राहतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे मशीनची मान. हात पात्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून तोंडापासून पात्यांपर्यंत लांबलचक नळकांडं बसवलेलं असे. फांदी त्यातून सरळ जायची. पण आपल्याकडच्या बागेत नुसत्या फांद्या कुठे असतात? केळीचे सोट, अळूची पानं, देवाचं निर्माल्य. ते सगळं मानेत अडकून बसायचं. मग ढोसायला काठी यायची, काठी मोडली की उलथणं यायचं आणि शेवटी कुणीतरी पाना घेऊन ती मानच काढून टाकायचं. ज्या मानेने हात वाचायचे तीच गेली, की पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

संयोगिताने म्हणून मानेशिवायचं मशीन केलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर, सुपासारखं उघडं तोंड. बसल्या बसल्या पाला लोटावा, इतकं सोपं. आणि हात वाचवायला मानेऐवजी उजेड.

कल्पना खरोखर देखणी होती. हिरव्या पानावर निळा उजेड टाकला, की पान त्यातला बराचसा उजेड अन्न करायला वापरतं आणि थोडासा गडद लाल करून परत फेकतं. आपल्याला ती चकाकी दिसत नाही, पण मशीनच्या डोळ्याला दिसते. वाळका पाला चकाकत नाही, पण तो कोरडाही असतो. माणसाचा हात चकाकत नाही आणि तो कोरडाही नसतो. तेव्हा मशीनला एवढंच शिकवायचं, की ओल आहे पण चकाकी नाही असं काही तोंडाशी आलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दात उलटे फिरवून थांबायचं. भिजलेल्या पाचोळ्याला ते उगाच थांबायचं, पण उगाच थांबणं परवडलं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये महिनोन् महिने चाचण्या झाल्या. एकदाही चूक नाही. तयार मशीनांच्या गाड्या भरायचा मुहूर्त नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ठरला होता.

आणि पंचमीच्या आदल्या दिवशी संयोगिता पहिलं मशीन घेऊन आत्तीच्या परसात आली होती. सगळ्या जगाने वाखाणलं आणि आत्तीने हात लावला नाही, तर तिच्या लेखी ते मशीन झालंच नव्हतं.

आत्ती काही बधेना. ती आपली पाट्यावर मेंदी वाटत बसली. पंचमीला कॉलनीतल्या साऱ्या पोरींना शालनआजीचीच मेंदी लागायची, कोनातली नाही, झाडाची. पाला ओरबाडून झाला होता आणि शेजारी मेंदीच्या काटक्यांचा हा ढीग पडला होता.

"उद्या काही चिरायचं नाही, कापायचं नाही," संयोगिता हळूच म्हणाली. "मग हे परवापर्यंत इथंच पडणार."

आत्तीने ढिगाकडे पाहिलं. परसात काटकी पडलेली तिला खपत नसे, हे भाचीला पक्कं ठाऊक होतं.

"हात गेला आत तर थांबतंय म्हणालीस?"

"आत जायच्या आधीच थांबतं."

"तू म्हंतीस म्हणून हां," आत्ती म्हणाली आणि तशीच उठून मशीनपाशी बसली.

पहिली काटकी तिने लांबून फेकली. कुरकुर असा आवाज झाला आणि खालून मऊ भुगा पडला. दुसरी जरा जवळून. दहा-पंधरा काटक्या गेल्यावर तिचा चेहरा सैलावला. "ब्येस हाय की गं! आवाज बी मांजरागत," ती म्हणाली. संयोगिताचे डोळे भरून आले. आयुष्यात आणखी काय पाहिजे असतं माणसाला?

एवढ्यात एक दोन फाट्यांची, दुबेळकी काटकी तोंडात आडवी बसली. आत्तीने अंगठा आणि शेजारचं बोट बाजूला ठेवून ती तळव्याने पुढे रेटली.

मशीन थांबलं नाही.

वरचा दिवा हिरवाच होता. काटकी झटक्याने आत गेली आणि तिच्या मागोमाग आत्तीचा हात. संयोगिताने झेप घेऊन बटणावर मूठ मारली. दात थांबले. आत्ती मागे कलंडली होती आणि हात छातीशी धरून होती. संयोगिताला तो हात उलगडून पाहायचं धैर्य होईना.

आत्तीनेच तो पुढे केला. रक्ताचा थेंब नव्हता. मेंदीने मनगटापर्यंत हिरवागार झालेला हात, शेवटाला तीन थोटकी पेरं, आणि मधल्या पेराच्या टोकावरची मेंदी तेवढी कुणी सुरीने खरवडल्यासारखी निघालेली. पात्यांनी हात चाटला होता, पण चावायला तिथे काही नव्हतं. अख्खं बोट असतं तर गेलं असतं.

दोघींना ते एकदमच कळलं. आत्तीच्या पोटातून हसू फुटलं. "माजी बोटं मी आदीच देऊन बसलीया गं! ह्याला काय घावणार, वरवंटा?"

संयोगिताला हसू आलं नाही. ती मातीतच बसली आणि आत्तीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. "तू हात का घातलास गं तेवढ्या जवळ?"

"तू म्हणालीस थांबतंय," आत्ती म्हणाली. "न्हाईतर मी घातला आसता व्हय?"

दुधाने पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आत्तीने सारा जन्म फुंकून काढला होता. आज पहिल्यांदा न फुंकता प्यायली, ती भाचीच्या शब्दावर. संयोगिताला वाटलं, पात्यांपेक्षा आपला शब्दच जास्त धारदार निघाला.

चूक कुठे झाली, ते तिला तिथेच उमगलं. मेंदी म्हणजे तरी काय? वाटलेला पाला. वाटल्यावर पानातली अन्न करणारी घडी मोडते, पण हिरवा रंग तसाच राहतो. वापरला न गेलेला उजेडही मग तो लाल करून परत फेकतो आणि उलट जास्तच चकाकतो. मशीनच्या डोळ्याला आत्तीचा हात हात म्हणून दिसलाच नव्हता. त्याला दिसलं होतं एक रसरशीत पान. आणि मेंदीचं तरी काय घेऊन बसायचं? गवत उपटणारे, अळू खुडणारे, हार गुंफणारे, बागेत राबणाऱ्या कुणाचे हात हिरवे नसतात? वर्कशॉपमध्ये मात्र चाचणी घेणारा प्रत्येक जण साबणाने हात धुऊन यायचा. शिस्तच होती तशी. तिनेच लावलेली.

दुसऱ्या दिवशी, ऐन पंचमीला, तिने धैर्यशीलला वर्कशॉप उघडायला लावलं. धैर्यशील तिचा कॉलेजपासूनचा मित्र आणि धंद्यातला भागीदार. घरचा नैवेद्य सोडून आला होता, त्यामुळे आधीच वैतागलेला. तिने सगळं सांगितल्यावर त्याचा वैताग उतरला.

"आत्ती ठीक आहेत ना?"

"ठीक आहे. हसतेय."

"देवाची कृपा." त्याने मनापासून हात जोडले. मग भिंतीशी रांगेने उभ्या असलेल्या, खोक्यांत बंद मशीनांकडे पाहिलं. "संयोगिता, उद्या गाड्या येणार आहेत. लोकांना शब्द दिलाय. आपण ठळक अक्षरात स्टिकर लावू. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करूनच मशीन वापरा."

"बागेत काम करणारं माणूस मधेच हात धुतं का रे?"

"नेहमी वाईटात वाईट तेच धरून चालतेस तू. लाखात एकदा होणार."

 संयोगिताने एका मशीनची पाती काढून टेबलावर ठेवली. पंचमी होती, पाती तशीही फिरवायची नव्हतीच. मग कुंपणावरची कोरांटीची पानं चुरगळून तिने धैर्यशीलच्या तळहाताला आणि बोटांना चोळली.

"चालू कर आणि हात घाल."

पात्यांचा रिकामा कणा फिरू लागला. पाती समोर टेबलावर पडलेली होती, ती त्याच्यादेखतच काढलेली होती. धैर्यशीलने हात पुढे केला. दिवा हिरवाच राहिला. हात तोंडाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. हात पुढे जाईना.

"पाती नाहीत रे त्यात," संयोगिता म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

त्याने मशीन बंद केलं आणि आपल्या हिरव्या हाताकडे पाहिलं. मग त्याच हाताने मोबाइल घेऊन त्याने गाडीवाल्यांना फोन लावला आणि उद्या यायचं नाही म्हणून सांगितलं. पुढचे कित्येक आठवडे चिडलेल्या गिऱ्हाइकांची बोलणीही त्यानेच खाल्ली. संयोगिताच्या कानावर त्यातलं अवाक्षर येऊ दिलं नाही. असा भागीदार मिळायला नशीब लागतं आणि ते आपल्याला लाभलं, हे ती अजून सांगते.

आता गाडं अडलं होतं ते एका साध्या प्रश्नापाशी. आत्तापर्यंत मशीन विचारत होतं, 'हे पान आहे का?' पान नसेल तर थांब. खरं तर त्याने विचारायला हवं होतं, 'हे माणूस आहे का?' सगळी हुशारी पानं ओळखण्यात खर्ची पडली होती. ज्याच्यासाठी मशीन करायचं त्याची ओळखच त्याला करून दिली नव्हती.

आणि माणसाची खूण काय? रंग नव्हे, ओल नव्हे. रक्त. लेसरचा मंद उजेड कशावरही टाकला की त्याचे बारीक ठिपके पडतात, रवाळ तुपासारखे. लाकडावर, पानावर ते ठिपके स्थिर असतात. फांदी सरकली की सगळे एकदम सरकतात. पण कातडीखाली रक्त वाहत असेल, तर ते जागच्या जागी थरथरत राहतात. त्यासाठी नाडीच्या ठोक्याची वाट बघावी लागत नाही, थरथर क्षणात दिसते. उजेडाचा रंग योग्य निवडला तर मेंदीच्या, चिखलाच्या, पिठाच्या थराखालूनही दिसते. दवाखान्यात भाजलेल्या जखमा तपासायला ही युक्ती वापरात होती. संयोगिताने ती मशीनच्या तोंडाशी आणून बसवली.

या वेळी तिने कुणाला हात धुऊ दिले नाहीत. पाती काढलेल्या मशीनपुढे अख्खं उद्यमनगर येऊन गेलं. फौंड्रीतले काजळी भरलेले हात आले, शेजारच्या गॅरेजमधले ग्रीसने माखलेले आले, फुलवाल्या मावशींचे झेंडूने पिवळे झालेले आले. मशीन प्रत्येकापुढे थांबलं. मग आत्ती आली. ऐटीत हात पुढे केला आणि मशीन फिरतच राहिलं.

"बगा," आत्ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण!"

 कारण कळायला वेळ लागला नाही. जुन्या जखमेच्या वणांखाली रक्त अगदी कमी फिरतं. शिवाय मशीनचा डोळा वर बसवलेला होता आणि आधी बोटांची टोकं शोधत होता. आत्ती पाला बोटांनी नव्हे, तळव्याने लोटायची. लोटायला बोटं होतीच कुठे तिला?

संयोगिताने धैर्यशीलकडे पाहिलं. आता हा म्हणेल, 'एक हात सोडला तर सगळे पास झालेत,' आणि त्यात चुकीचंही काही नसेल. पण धैर्यशीलने स्टूल ओढून आत्तीला बसायला दिलं.

"आत्ती," तो म्हणाला, "तुमचा हात ओळखल्याशिवाय एक मशीन या दारातून बाहेर पडणार नाही. त्या दिवशी तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर आम्हाला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा नसती. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कसलं रं लेकरा? बोटं काय मी तुज्यासाठी तोडून घेतली न्हवती." आत्ती लाजली होती. "चा सांग."

डोळा खाली आला, तळव्याकडे पाहू लागला. एकाचे दोन झाले. दिवाळी आली आणि गेली, तरी आत्ती दुपारचं जेवण झालं की वर्कशॉपमध्ये येऊन बसायची, हात पुढे करायची आणि पोरांना नावं ठेवायची. थंडी सरता सरता एका दुपारी तिचा हात कडेला पोहोचायच्या आतच कणा थांबला. दुसऱ्यांदा थांबला. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून आणला तरी थांबला. आता यापेक्षा अवघड हात जगात सापडणं मुश्कील होतं, आणि ज्याला हा ओळखू आला त्याला कुठलाही ओळखू आला असता. गाड्या भरल्या. मशीनं घरोघर गेली.

एक मशीन अर्थातच आत्तीच्या परसात आलं. ती ते वापरायची, पण काटकी लांबूनच टाकायची आणि हात चटकन मागे घ्यायची. संयोगिता यावर चकार शब्द बोलत नसे. पुन्हा कुणाला 'थांबतंय' असं तोंडाने सांगायचं नाही, हा खडा तिने कानाला लावून घेतला होता.

उन्हाळ्यातली एक सकाळ होती. आत्ती शेवग्याचा छाटलेला पाला मशीनमध्ये लोटत होती आणि संयोगिताला शेजारच्या लग्नातली गंमत सांगत होती. नवरदेवाचा फेटा कसा सुटला, व्याही कसा रुसला. बोलता बोलता तिचा हात पाल्याबरोबर सरळ पुढे गेला. तळवा, त्यामागे मनगट.

मशीन गपकन थांबलं. दात उलटे फिरून मागे सरले.

आत्ती तशीच बोलत होती. "आनि त्यो व्याही म्हंतोय कसा..." मग तिच्या ध्यानात आलं की आवाज बंद झालाय. "आता का थांबलं रं बाबा हे?" म्हणत तिने मान वळवली आणि तिला आपला हात दिसला. मशीनच्या उघड्या तोंडात, हिरव्या पाल्यात, जसाच्या तसा.

तिने तो काढून घेतला नाही. तिथेच ठेवला. संयोगिताही हलली नाही.

"वळाकलं गं मला," आत्ती पुटपुटली. "त्या कुट्टीनं कडबाच समजलं हुतं."

 मग तिने तो हात बाहेर काढला आणि डोळे भरून पाहिला. इतक्या वर्षांत तिला या हातासाठी रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आज तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"आबांनी बगायला पायजे हुतं, संयू," ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील. लेकीचे कष्ट वाचावेत म्हणून हौसेने कुट्टी त्यांनीच आणली होती. "त्या दिसापास्नं मी ताट वाढाय गेले की ते खाली मान घालून जेवायचे. मरूस्तोवर माज्या हाताकडं बगितलं न्हाई त्यांनी. मला लई वाटायचं, सांगावं त्यांना, तुमची चूक न्हवं ती, त्या मशीनला माणूस कळत न्हवतं. पर सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

संयोगिताने आत्तीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला शेवग्याच्या पाल्याचा वास येत होता. तिने तो आधी कपाळाला लावला, मग वाकून तिन्ही थोटक्या पेरांवर एकेक पापा घेतला. तान्हेपणी आत्ती तिच्या बोटांचा घ्यायची तसाच.